बावन्न आठवड्यांची वही

वहीचा नियम साधा आहे. वर्षाचे बावन्न आठवडे, म्हणून बावन्न जोडपानं. प्रत्येक जोडपानाच्या कोपऱ्यात त्या आठवड्याच्या तारखा लिहायच्या, साल लिहायचं नाही. त्या आठवड्यात रस्त्यावरच्या झाडांवर जे दिसेल त्यातलं एक काहीतरी तळहाताएवढं काढायचं आणि चित्राखाली बारीक अक्षरात साल टाकायचं. डिसेंबर संपला की नवी वही घ्यायची नाही. पुन्हा पहिल्या पानावर यायचं आणि उरलेल्या कोऱ्या जागेत पुढच्या वर्षीचं चित्र काढायचं. असं केलं की फेब्रुवारीच्या एकाच पानावर एका सालची सावर, दुसऱ्या सालचा पिंपळ आणि तिसऱ्या सालचा नीलमोहर शेजारी शेजारी येऊन बसतात. निसर्गाच्या नोंदी ठेवणारे चित्रकार जगभर अशा वह्या करतात. माझी वही पुण्यात एरंडवण्यातल्या एका गल्लीपुरती आणि तिच्या आसपासच्या दोन-चार रस्त्यांपुरती आहे.

चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. त्या परीक्षांच्या स्मरणचित्रात आम्ही सगळ्या मुली एकच झाड काढायचो: तपकिरी खांबावर ठेवलेला हिरवा ढग. खाली बाक, बाकावर आजोबा, शेजारी फुगेवाला. बाईंचं सगळं लक्ष आजोबांच्या हातापायांच्या प्रमाणाकडे असायचं. झाडाचं प्रमाण कुणी तपासलं नाही. त्यामुळे चाळिशीत पुन्हा ब्रश हातात घेतला तेव्हा माणसं बऱ्यापैकी जमत होती आणि झाड मात्र अजून त्या खांबाढगावरच अडलेलं होतं. अप्पा बळवंत चौकातून जाड कागद आणले, बायंडरकडून शिवून घेतले, कॅमलच्या ट्यूबा घरात होत्याच. जानेवारीत सुरुवात केली, कारण वहीचं पहिलं पान जानेवारीचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

जानेवारीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी काटेसावर असते ती पानं गाळून. लाल फुलं यायला वेळ असतो. फांद्यांवर नुसत्या काळपट, टपोऱ्या कळ्या. या दिवसांत सावरीकडे कुणी मान वर करून बघत नाही, आणि मला विचाराल तर ती काढायला सगळ्यात चांगली याच दिवसांत असते. सगळा सांगाडा उघडा. फांद्या खोडातून जवळजवळ आडव्या निघतात, तेही मजल्यामजल्यानं, एकेका उंचीवर तीन-चार. कुठली फांदी कधी कापली, कापलेल्या जागेवर साल कशी गोल वळून आली, खाली कुणी खिळा ठोकून पाटी लावली होती, हे सगळं पेन्सिल फिरवता फिरवता कळत जातं. खोडावरचे काटे वर कोवळ्या भागात टोकदार आणि खाली जुन्या भागात झिजलेले.

फूल बघायला झाडावर चढायची गरज नसते. सावर आपलं फूल अख्खंच खाली टाकते, आणि ते गाडीच्या टपावर पडलं की चांगला आवाज होतो. पाच जाड, मांसल पाकळ्या आणि मधे पुंकेसरांचा झुबका. हा झुबका अंदाजानं रेघोट्या ओढूनही काढता येतो, बघणाऱ्याला काही कळत नाही. पण फूल ब्लेडनं उभं चिरलं की दिसतं, पुंकेसर असे वाटेल तसे उगवलेले नाहीत. बाहेरच्या बाजूला पाच जुडगे, आणि आत मधोमध वेगळा घोळका. एकदा हे दिसलं की हात तशाच रेषा काढतो, आणि मग चित्रातलं फूल सावरीचंच वाटायला लागतं. रंगाचंही तसंच. ट्यूबमधला लाल सरळ लावला तर प्लॅस्टिकचं फूल दिसतं. आधी नारिंगीचा पातळ हात, तो ओला असतानाच कडांना क्रिमझन सोडायचा आणि ब्रश उचलायचा. सकाळी सातच्या सुमारास साळुंक्या, बुलबुल, कावळे आणि एखादी खार एकाच फांदीवर मधासाठी भांडत असतात. तेही काढायचा मोह होतो. मी काढत नाही. पक्षी काढले की झाड पुन्हा फुगेवाल्यामागचं झाड होतं.

सावरीमुळे वहीचा एक अनपेक्षित उपयोगही झाला. उन्हाळ्यात तिची बोंडं तडकतात आणि कापूस उडतो. सोसायटीच्या बैठकीत एका वर्षी विषय निघाला, कापूस घरात येतो, झाड काढून टाकू या. महाराष्ट्रात शहरातलं झाड असं मनात आलं म्हणून तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांच्या कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, हे एका काकांनी सांगितलंच. पण त्यानं चिडलेली माणसं आणखी चिडली. मी घरून वही आणली आणि एप्रिलची पानं उघडून फिरवली. कापूस दरवर्षी दोनच जोडपानांवर होता. त्याच्या आधी कुठे नाही, नंतर कुठे नाही. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "दोन आठवडेच ना, मग तेवढे दिवस खिडक्या लावून घेऊ." विषय पुढे पार्किंगकडे गेला.

पानगळीबद्दल पुण्यात कुणाला विचारायचं असेल तर रस्ता झाडणाऱ्या ताईंना विचारावं. आमच्या गल्लीत येणाऱ्या ताईंना प्रत्येक झाडाचं वेळापत्रक पाठ आहे, कारण त्याचं ओझं त्यांच्या ढकलगाडीत पडतं. मी पिंपळासमोर स्टूल टाकून बसले होते तेव्हा त्या म्हणाल्या, "याचं बरं असतं ताई. एकदा गळायला लागलं की आठ-दहा दिवसांत सगळं देऊन मोकळं होतं. त्या सोनमोहराचं तसं नाय. फुलं हलकी. गोळा करून पुढं गेलं की वाऱ्यानं परत मागं." मी हे त्याच आठवड्याच्या पानावर लिहून ठेवलं आणि मग दोन्ही झाडांकडे त्या दृष्टीनं बघायला लागले. सोनमोहराचा पिवळा सडा उन्हाळ्यात पडतो, पुढे पावसाच्या अखेरीस पुन्हा थोडा पडतो, आणि त्याच्या तांब्याच्या रंगाच्या चपट्या शेंगा फुलांच्या गर्दीतही वर दिसत राहतात. पिंपळाचं खरंच एका दमात होतं.

पिंपळाची नवी पानं हा माझा सगळ्यात आवडता विषय. पण नवं पान रंगवायला हिरवा रंग लागतच नाही. बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी, त्यात गडद लाल क्रिमझनचा एक थेंब, आणि भरपूर पाणी. पान तांबूस, ओलसर, खाली लोंबलेलं. पुढच्या आठवड्यात त्यात पोपटी शिरतो. त्याच्या पुढच्या आठवड्यात देठ ताठ होतो आणि पान सळसळायला लागतं, म्हणजे चित्रकाराच्या दृष्टीनं संपलं, कारण आता ते क्षणभरही स्थिर राहत नाही. याच दिवसांत एकाच झाडाची एक बाजू तांबूस, एक पोपटी आणि एक अजून पूर्ण उघडी असते. ही अवस्था फोटोत काहीच सांगत नाही, नुसतं विस्कटलेलं झाड दिसतं. चित्रात प्रत्येक बाजूसाठी वेगळा रंग कालवावा लागतो, त्यामुळे ती नजरेतून सुटूच शकत नाही.

आता थोडी तक्रार. फेब्रुवारी-मार्चमध्ये नीलमोहर आणि तॅबेबुया फुलले की पुण्यात मोबाइल वर होतात. दोन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली, दोन्ही देखणी, त्यांच्याशी माझं काही वैर नाही. पण वर्षाच्या बावन्न जोडपानांत नीलमोहराचं फूल येतं जेमतेम चार-पाच पानांवर. बाकीच्या वेळी त्याची ती बारीक, नक्षीदार संयुक्त पानं आणि चपट्या, गोल, तपकिरी शेंगा असतात. शेंग उकलली की आत कागदासारखे पातळ पंख असलेलं बी. ती शेंग काढून बघा, फुलापेक्षा जास्त वेळ लागतो.

एप्रिल-मे हे रंगाच्या दृष्टीनं कष्टाचे महिने. पुण्याची हवा इतकी कोरडी होते की पाण्याचा हात कागदावर टेकतो न टेकतो तोच वाळतो आणि मधेच कड उमटते. ओल्यात ओलं मिसळणं विसरायचं. सकाळी साडेसहाला बसायचं किंवा आधी मागून पाण्यानं कागद भिजवून घ्यायचा. आणि नेमका याच काळात बहावा फुलतो, म्हणजे पिवळा. पिवळ्यात छटा दाखवणं हा स्वतंत्र छळ आहे. काळा घातला तर शेवाळी हिरवा होतो, निळा घातला तर पान होतं. अगदी पातळ जांभळा चालतो, तोही खालचा पिवळा पूर्ण वाळल्यावर. बहाव्याच्या एका फुलात दहा पुंकेसर असतात आणि ते एकसारखे नसतात: तीन लांब, बाकदार, बाहेर झेपावलेले, चार मध्यम, तीन इतके आखूड की भिंग लागतं. हे तीन-चार-तीन एकदा डोळ्यात बसलं की लांबून पाहतानाही घोसात ते वळलेले तीन हुक आधी दिसतात. फुलांच्या घोसांतून गेल्या वर्षीच्या काळ्या, हातभर शेंगाही लोंबत असतात. बहुतेक चित्रांत त्या गाळलेल्या असतात. मला त्या हव्याच असतात, कारण शेंग पिकायला जवळजवळ वर्ष जातं, आणि शेंगेसकट काढलं की मागचं वर्ष आणि हे वर्ष एका फांदीवर येतं.

रस्त्यावर बसून झाड काढताना माणसं येतातच. मला वाटलं होतं, "कुठल्या कॉलेजला?" विचारतील किंवा "माझं चित्र काढा" म्हणतील. तेही होतं. पण सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न वेगळाच: "रस्ता रुंद होणार आहे का?" हातात वही, मान वर, एक डोळा मिटून पेन्सिलीनं खोडाची जाडी मोजणारी बाई म्हणजे महापालिकेकडून मापं घ्यायला आलेली, असं लोकांना वाटतं. एका आजोबांनी तर आवाज खाली आणून विचारलं, "कुठपर्यंत जाणार?" नुसतं चित्र काढतेय म्हटल्यावर ते शेजारी थांबले आणि त्यांनी मला सांगितलं की समोरचा वर्षावृक्ष त्यांच्या लहानपणी दोन्ही बाजूंनी भरलेला होता.

आता तो तसा नाही. पुण्यातल्या रस्त्याकडेच्या कुठल्याही मोठ्या झाडाचं प्रामाणिक चित्र काढलं तर ते एका बाजूनं कापलेलं निघतं, कारण तिकडून तारा जातात. काहींच्या मधोमध इंग्रजी व्ही आकाराची खाच असते. पावसाळ्याआधी छाटणी होते, आणि मग जूनच्या पानावर झाड निम्मं. सुरुवातीला हात आपोआप हे डोलारे पूर्ण करायचा. आता मी तारा, खांब, बुंध्यावरचे गेरू-चुन्याचे पट्टे, झाडाचा रंगवलेला नंबर, मुळांपर्यंत आलेलं सिमेंट, सगळं काढते. शहरातलं झाड शहरासकटच वाढलेलं असतं.

वर्षावृक्षाची गंमत आणखी एक. त्याच्या पर्णिका, म्हणजे संयुक्त पानातली बारीक पानं, संध्याकाळी मिटतात, ढग दाटले तरी मिटतात. साडेचारला सुरू केलेलं रेखाटन साडेसहाला पूर्ण करायला गेलं तर समोरचं झाड बदललेलं असतं: मघाशी गच्च दिसणाऱ्या छत्रीतून आभाळ दिसायला लागलेलं. म्हणून त्याच्याजवळ आधी सावल्या आणि पोकळ्या ठरवून घ्यायच्या, तपशील नंतर. मूळचा हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. फुलं म्हणजे गुलाबी-पांढऱ्या रेशमी तंतूंचे गोंडे, आणि त्यातल्या गुलाबीसाठी मी आजवर समाधानकारक मिश्रण केलेलं नाही.

पावसाळ्यात सगळं उलटं होतं. रंग वाळतच नाही. जुलैच्या पानांवर दुसरा थर द्यायचा म्हटलं तर अर्धा तास पंख्याखाली ठेवावं लागतं. कागदाला लावलेली खळ दमटपणानं बिघडली की ठिपक्याठिपक्यांनी रंग आत शोषला जातो. म्हणून जूनपासून वही मेणकापडाच्या पिशवीत, कपाटाच्या वरच्या खणात. आणि विषय? हिरवा. सगळीकडे एकच हिरवा आहे असं वाटायला लावणारे हे महिने. इथेच बहुतेक लोक कंटाळून वही सोडतात, असं माझ्याबरोबर सुरू केलेल्या मैत्रिणींवरून म्हणते.

मला या महिन्यांत करंजानं तारलं. पुण्यातल्या करंजाचं एक पान तोडा आणि बघा: त्यावर शेंगदाण्याच्या दाण्याएवढ्या नाहीतर त्याहून लहान गाठी आलेल्या असण्याची शक्यता खूप. कोळ्यांच्या नात्यातले, डोळ्यांना न दिसणारे माइट त्या करतात. शिवाय पानात बोगदे पोखरत गेलेल्या अळीची वेडीवाकडी पांढरी वाट. एक पान, पण त्यात पोपटी, गर्द, पिवळट, गाठींच्या कडांना तपकिरी, आणि वाटेचा चंदेरी. सॅप ग्रीनमध्ये कधी बर्न्ट सिएना, कधी लेमन यलो, कधी अल्ट्रामरीन घालत एकेक गाठ केली की हिरव्याबद्दलची तक्रार बंद होते. ऑगस्टची माझी पानं जवळजवळ सगळी अशीच आहेत: रोगट पानं, कुजकी शेंग, बुंध्यावरचं शेवाळ.

ऑक्टोबरमध्ये बूच. रात्री उमलून पहाटे खाली पडणारी ती लांब नळीची पांढरी फुलं. पांढरं फूल पांढऱ्या कागदावर काढायचं म्हणजे फुलाभोवतीचं काढायचं. मी डांबराचा रस्ता रंगवते, राखाडीत थोडा जांभळा, आणि फुलांच्या जागा कोऱ्या सोडते. एकदा शेजारच्या काकू वर आल्या, चित्र बघितलं, आणि ओटीतून आणलेल्या फुलांची नळ्यांत नळ्या अडकवत बिनदोऱ्याची वेणी करून दाखवली. त्यांच्या शाळेत मुली मधल्या सुट्टीत हेच करायच्या म्हणे. त्या वर्षीच्या पानावर झाडाऐवजी ती वेणी आहे. सातवीणही याच दिवसांत फुलते. तिचा वास संध्याकाळी इतका दाटतो की तिच्याखाली बसून चित्र काढणं माझ्या डोक्याला सोसत नाही. तिचं फक्त पानांचं चक्र काढून आणलं.

मधे कुणीतरी दापोडीच्या चित्रांबद्दल सांगितलं. पुणे-लोणावळा लोकलवरचं दापोडी. एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर त्याचा अधीक्षक. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच सुमारास, १८५० पर्यंत, त्यानं बागेतल्या वनस्पतींची पावणेदोनशेच्या आसपास रंगीत चित्रं करून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार इथलाच, पोर्तुगीज-भारतीय होता असं मानतात, पण त्याचं नाव कुठे नोंदलेलं नाही. मी छापील प्रती पाहिल्या आणि बराच वेळ पाहत राहिले ते फुलांच्या सुट्या भागांकडे. मी ब्लेडनं सावर चिरते तशीच त्यानंही आपली फुलं उघडून पाहिली होती, इथून फार लांब नसलेल्या बागेत.

नोंदींना थोडी शिस्त 'सीझनवॉच'मुळे आली. लोकांनी आपापल्या झाडाकडे दर आठवड्याला बघून नोंद पाठवायची, असा हा देशभरचा उपक्रम. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, कच्ची फळं, पिकलेली फळं, प्रत्येकापुढे फक्त तीन पर्याय: काहीच नाही, थोडं, भरपूर. मी तेच आता चित्राखाली लिहिते. त्यामुळे सालांची तुलना करता येते. सावरीच्या पहिल्या फुलाची तारीख फार हलत नाही. नीलमोहर मात्र मागेपुढे होतो. पलीकडच्या रस्त्यावरची सावर आमच्या सावरीच्या नेहमीच मागे असते. आणि बहाव्याला एका वर्षी सप्टेंबरात पुन्हा दोन-तीन घोस आले होते, त्याच्यापुढे "थोडं" लिहिलं आहे.

कुणी मला विचारलं, अशी वही कधी सुरू करू, तर मी जानेवारी सांगत नाही आणि मार्च तर मुळीच नाही. मार्चमध्ये सगळं एकदम फुलतं, काय काढू न काय नको होतं, आणि एप्रिलात माणूस दमतो. ऑगस्टमध्ये सुरू करावी. फार सामान लागत नाही: सहा रंग पुरतात, कागद दोनशे जीएसएमच्या (हे कागदाच्या वजनाचं माप) खालचा नको, एक पेन्सिल, एक भिंग. करंजाचं एक पान आणून टेबलावर ठेवावं. गाठी असलेलंच घ्यावं. नितळ पानात माप धरायला काही सापडत नाही. गाठी असल्या की एकीपासून दुसरीपर्यंत अंतर मोजत मोजत पान पुरं होतं.